घ चा ध

पवनीच्या मुलींच्या शाळेत मी पंचवीस वर्षं मास्तरीण होते, आणि त्यातली निदान वीस वर्षं पोरी माझ्या पाठीमागे मला 'धचामाबाई' म्हणत. माझं नाव आनंदीबाई. पेशव्यांच्या आनंदीबाईने 'धरावे'चं 'मारावे' केलं असं म्हणतात, आणि मी दिवसभर लाल पेन्सिल घेऊन पोरींच्या वह्यांतली अक्षरं बदलत बसायची, म्हणून ते नाव. मला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं. एकट्या बाईला टोपणनाव पडलं म्हणजे कुणाचं तरी आपल्याकडे लक्ष आहे, एवढा तरी त्याचा अर्थ होतो.

चुकीचं अक्षर मला सहन होत नाही. दुकानाची पाटी असो की लग्नपत्रिका, माझा हात शिवशिवतो. या खोडीपायीच पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर मी एक पोस्टकार्ड परत पाठवलं. ते माझंच होतं, हे मला बावीस दिवसांनी कळलं. आता मी पेन्शनीत निघाले आहे, सांगायला भरपूर वेळ आहे, आणि ऐकायला घरात कुणी नाही. म्हणून लिहून ठेवते.

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी पोस्टमन बाबुलाल मधल्या सुट्टीत आला. सायकल कडुनिंबाला टेकवली आणि एक कार्ड पुढे धरलं.

"बाई, हे नाव कोनाचं आहे? शाळेजवळ लिहिलं आहे, म्हून तुमाले विचारून राहिलो."

कार्डावर वेड्यावाकड्या अक्षरात पत्ता होता: 'घुरपताबाई, शाळेजवळ, मु. पो. पवनी, जि. भंडारा.'

मला पहिल्यांदा दिसला तो घ. धुरपता हे नाव आमच्या भागात गल्लोगल्ली असतं, आणि या शहाण्याने ध ला घ केलेलं. ध चं डोकं मोकळं असतं आणि घ चं बांधलेलं, एवढंही ज्याला कळत नाही त्याने टाक हातात घेऊच नये, असं मी बाबुलालला सुनावलं. लाल पेन्सिल कानावरच होती. तिथल्या तिथे घ खोडून वर सुबक ध काढला. मग आठवून पाहिलं. शाळेजवळ कुंताबाई होती, रंभाबाई होती, दोन बायाबाई होत्या. धुरपताबाई कुणी नव्हती.

"मंग वापस करू?"

"कर."

"शेरा तुमीच लिहून द्या ना बाई. माया अक्षर तुमाले पटत नाही."

हेही खरंच होतं. मी पत्त्याच्या बाजूला माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'या नावाचे येथे कोणी नाही.' कार्ड उलटून पाहिलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे मी तिसरीच्या पोरींना दर वर्षी शिकवायची. बाबुलाललाही एकदा याच गोष्टीवरून चारचौघांत झापलं होतं, कारण तो गावातली सगळी कार्डं वाचून मगच वाटत असे.

ते वर्ष महिला वर्ष होतं. वर्ष संपायला आलं तेव्हा पंचायत समितीला त्याची आठवण झाली आणि पत्रक आलं: थोर स्त्रियांवर कार्यक्रम बसवावा. हेडमास्तरीण बाईंनी तो माझ्या गळ्यात मारला. मी ठरवलं की झाशीची राणी आणि जिजामाता दर वर्षीच होतात, यंदा एकाच नावाच्या तीन बायका दाखवायच्या. तीन आनंदीबाई. पेशव्यांची, डॉक्टर झालेली, आणि महर्षी कर्व्यांची. यात माझी थोडी मिजासही होती, खोटं कशाला बोलू.

पेशव्यांची आनंदीबाई व्हायला सात पोरी तयार होत्या. दरारा तिचाच. डॉक्टरीण व्हायला ताराबाई पाटलिणीची नात मिळाली, कारण तिच्याकडे बूट होते. कर्व्यांची आनंदीबाई कुणालाच नको होती. शेवटी ती गोदावरी नावाच्या एका किडकिडीत पोरीच्या वाट्याला आली. तिचा बाप तलावात मासे धरायचा, आणि पोरगी प्रश्न विचारून जीव नकोसा करायची.

वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवरून मी त्यांना माहिती सांगत होते. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. लग्नात नवऱ्याने आनंदी ठेवलं. साता समुद्रापलीकडे जाऊन शिकल्या, आल्या आणि बाविशीच्या आत गेल्या. कर्व्यांच्या आनंदीबाईंचं नाव गोदू. लहानपणी विधवा झाल्या, पुढे पुनर्विवाह झाला तेव्हा आनंदी झाल्या.

"म्हंजे माया नावाची होती," गोदावरी म्हणाली. तिला फारच आनंद झाला. मग तिने विचारलं, "बाई, मंग लगन झाल्यावर तिले गोदू कोन म्हने?"

"आईबाप म्हणत असतील."

"अन ते मेल्यावर?"

"मग कुणी नाही. पाठ कर तू आपलं."

"बाई, तुमचं पयलं नाव काय होतं?"

सगळ्या पोरी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी तोंड उघडलं आणि उत्तर चटकन येईना. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर असून आठवत नाही, तसं झालं. मग ते आलं.

"धुरपता," मी म्हणाले. त्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे तो लाल ध उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, माणूस स्वतःचं नाव विसरतं का? विसरत नाही. पण मी ते लिहिलेलं कधी पाहिलंच नव्हतं. मोहाडीकडच्या एका खेड्यात, धानाच्या चार बांध्या असलेल्या केवळरामाच्या घरी मी जन्मले. मुलींना शाळेत घालायची तिथे रीत नव्हती. धुरपता हे नाव माझ्यासाठी एक हाक होती, बांधावरून येणारी. मला लिहाय-वाचायला शिकवलं लग्नानंतर नवऱ्याने, आणि जन्मात पहिला शब्द मी लिहिला तो आनंदी. शिवाय धुरपताबाई मला कुणी म्हटलं नव्हतं. बाई मी झाले तीच आनंदीबाई झाले.

नवरा तेजराम मास्तर. माणूस सोन्यासारखा होता. लग्नात तांदळावर नाव लिहायची चाल आमच्यात नव्हती, ती त्यांनी भंडाऱ्याला एका वकिलाच्या घरी पाहिली होती. तेव्हा मी तेरा वर्षांची. त्यांनी मांडवात ताट मागवलं, तांदूळ पसरले आणि बोटाने 'आनंदी' लिहिलं. डॉक्टर आनंदीबाईंची गोष्ट त्यांनी कुठेतरी वाचली होती आणि बायकोला शिकवायचं वेड डोक्यात घेतलं होतं. मांडवातल्या बायका पदरात तोंड घालून हसल्या.

माझी थोरली बहीण रेवता मात्र हसली नाही. आई गेल्यापासून तिनेच मला वाढवलं होतं. ती सगळ्यांदेखत ताट उचलून घेऊन गेली, तांदूळ धुतले आणि चुलीवर चढवले. संध्याकाळी मला म्हणाली, "तुयं नवीन नाव मी रांधून खाल्लं. आता ते माया तोंडातून बाहीर येनार नाही. तू धुरपतीच."

आणि तिने शब्द पाळला. सतरा वर्षांनी तेजराम विषमज्वराने गेले. पोरबाळ नव्हतं, मी मास्तरीण झाले, शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. ताईचा नवरा आसाराम चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला लागला होता. वर्षाकाठी एकदा ती तिकडून तीन गाड्या बदलून माझ्याकडे यायची, दारापासूनच "ए धुरपते" करत.

बासष्ट साली ती अशीच आली ती थेट शाळेत. डोक्यावर कनकीचं, तुकडा तांदळाचं गाठोडं, पायांना खाणीची काळी धूळ. त्या दिवशी तपासणी होती. साहेब वर्गात बसलेले, मी फळ्यापाशी उभी, आणि पटांगणातून हाक आली, "ए धुरपते, बाहीर ये वं." पोरी फिस्सकन हसल्या. साहेबही हसले. मी बाहेर गेले आणि दात आवळून म्हणाले, "मले इथं त्या नावानं हाक नको मारत जाऊ. इथं त्या नावाचं कोनी नाही."

ताईने माझ्याकडे पाहिलं. गाठोडं पायरीवर ठेवलं आणि आल्या पावली निघून गेली. पुन्हा आली नाही. मीही गेले नाही. आज जाऊ, सुट्टीत जाऊ, असं करत तेरा वर्षं गेली. पुढे आसाराम गेल्याचं कळलं, तेव्हा मी आजारी होते. खरं तर इतकी काही आजारी नव्हते.

आणि आता तेच वाक्य, तेरा वर्षांपूर्वीचं, मी पेन्सिलीने कार्डावर लिहून दिलं होतं.

पोरींना तसंच सोडून मी पोस्टात गेले. बाबुलाल शिक्के मारत बसला होता.

"ते धुरपताचं कार्ड?"

"थे तर तवाच वापस गेलं बाई. चिखल्याले. मांगच्या बाजूले पाठवनाऱ्याचा पत्ता होता."

"काय लिहिलं होतं त्यात?"

तो माझ्याकडे संशयाने पाहायला लागला. "तुमीच म्हनलं होतं, दुसऱ्याचं वाचू नये."

"बाबुलाल, तू वाचलं आहेस. सांग."

त्याने शिक्का खाली ठेवला आणि धडा म्हणावा तसं म्हटलं, "धुरपते, मी खाटेवर आहो. आता उठाचं काही खरं नाही. माया मनात काही नाही. एकडाव येऊन जाय. रेवता." मग हळूच विचारलं, "तुमचं कोनी होय का, बाई?"

"बहीण," मी म्हणाले. "धुरपता मीच."

बाबुलालने मला स्टुलावर बसवलं आणि मडक्यातलं पाणी दिलं. तो सगळी कार्डं वाचतो म्हणून मी त्याला झापलं नसतं, तर त्या दिवशी त्याने मजकूर सांगितला असता. माझ्या शिस्तीची मला एवढी चीड कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने निघाले. कार्यक्रमाचं काय, असं हेडमास्तरीण बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तीन आनंदीबाया आहेत, त्या पाहून घेतील. भंडाऱ्याला गाडी बदलली. मोहाडीच्या आसपास शेतांत धानाचे पुंजणे रचलेले होते, कुठे मळणी चालली होती. आमचं खेडं सडकेपासून कोसभर आत. तिथे उतरून मी धुरपता आली असं सांगितलं असतं, तर कोण धुरपता म्हणून पोरं गोळा झाली असती. बाप गेला, काका गेले, घर पडलं. मला त्या नावाने ओळखणारं माणूस या जगात एकच उरलं होतं, आणि त्याला मी लेखी कळवलं होतं की असं कुणी नाही.

तुमसरला दुसरी गाडी मिळायला दुपार झाली. चिखल्याला पोचले तेव्हा पाळी सुटत होती आणि कामगार घराकडे परतत होते. एकाला विचारलं. त्याने वसाहतीच्या टोकाचं घर दाखवलं.

शेजारच्या ओट्यावर हाफपँट घातलेला एक माणूस दाढी करत होता. तो टेकचंद, खाणीवरचा हजेरी कारकून. त्याची बायको दोन वेळा ताईला भाकर देत असे, हे नंतर कळलं.

"रेवताबाई?" मी विचारलं.

"आहेत. तुमी कोन?"

"पवनीहून आले."

"पवनीहून?" त्याने वस्तरा खाली ठेवला. "बुढीची एक बहीन आहे म्हने पवनीले. मीच पत्र लिहून देल्लं होतं. पन पत्र वापस आलं. अक्षर पाहा तिथल्या लोकाइचं, मोत्यावानी. माई चूक बी सुधरून पाठवली."

हे तो कौतुकाने सांगत होता. मी विचारलं, "रेवताबाईंना वाचून दाखवलं?"

"दाखवलं ना. काय लिहून आलं म्हने. म्या सांगतलं, या नावाचे येथे कोनी नाही. तर म्हने, कोन्या रंगात लिवलं आहे? म्या म्हटलं, लाल. मंग हसली. म्हने, मास्तरीन लालच लिवते. अन कार्ड मांगून घेतलं. उशीखाली आहे."

आत न जाता परत फिरावं असं मला वाटलं, हेही सांगून टाकते. पण टेकचंदने दार ढकललं होतं.

आत अंधारात खाट होती. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावर गोधडी, आणि गोधडीखाली माणूस आहे असं वाटू नये इतकी ती बारीक झाली होती. चाहूल लागली तशी वळली.

"कोन आहे?"

"मी."

"मी कोन?"

"धुरपता," मी म्हणाले. तेरा वर्षांत मी हे नाव स्वतःचं म्हणून तिसऱ्यांदा उच्चारत होते आणि ते मला माझ्याच आवाजात परकं वाटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. पांढरे झालेले केस, चष्मा, खांद्यावरची पिशवी. डोळ्यांत ओळख होती, ती मी स्वच्छ पाहिली. मग ती शांतपणे म्हणाली, "थे नाही पवनीत. लिहून आलं आहे."

"ताई, माही चूक झाली. मले समजलंच नाही, मी..."

"तुमी आनंदीबाई," ती म्हणाली. "बसा. टेकचंदभाऊ, बाईइले च्या मांडाले सांगा. मास्तरीन आहेत त्या, पवनीच्या."

ते नाव तिने चौतीस वर्षं पोटात ठेवलं होतं. त्या दिवशी ते बाहेर आलं, बाई लावून, तुमी लावून, परक्या माणसाला सतरंजी घालावी तसं. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पायांवर पडले असते. पण पाहुणीला पाहुणीसारखंच बसावं लागतं. मी खाटेशेजारच्या पाटावर बसले. चहा आला, तो प्याले.

नऊ दिवस मी तिथे राहिले. तिला खाऊ घातलं, अंग पुसलं, केसांना तेल लावलं. ती करू द्यायची. बोलायचीही, खाणीबद्दल, आसारामबद्दल, टेकचंदच्या पोरांबद्दल. माझ्याबद्दल काही विचारत नव्हती. सुरुवातीचे दिवस आनंदीबाई, आनंदीबाई चाललं होतं. प्रत्येक वेळी मला ते टोचायचं आणि प्रत्येक वेळी मी ओ द्यायची. सहाव्या दिवसापासून तिला धाप लागायला लागली आणि तिने ते नावही सोडलं. नुसतं म्हणायची, "ए, पानी." "ए, दार लाव."

लहानपणी हाक अशीच सुरू व्हायची. ए धुरपते. त्या 'ए'च्या पुढे मी कान लावून थांबायची. पुढचा शब्द धापेने राहत होता की तिने मुद्दाम गिळला होता, मला कळलं नाही, आणि विचारायचा माझा हक्क नव्हता. नवव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "ए," आणि मी पाण्याचा पेला घेऊन वळेपर्यंत गेली.

उशीखालून कार्ड काढून मी पिशवीत ठेवलं. अजून माझ्यापाशी आहे. मजकुरात दोन-चार ठिकाणी आणखी चुका आहेत, त्या मी तशाच ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी टेकचंद मला मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत घेऊन गेला. तिथे बसलेल्या माणसाने जाडजूड रजिस्टर काढलं. मयताचं नाव, वय, कारण, सगळं विचारून झालं.

"खबर देनाऱ्याचं नाव?"

टेकचंद म्हणाला, "लिवा, आनंदीबाई."

"नाही," मी म्हणाले. "धुरपता लिहा."

"मयताशी नातं?"

"धाकटी बहीण."

त्याने सावकाश लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "वाचून पाहा, बरोबर आहे का. मंग सही करा."

त्याने घ काढला होता. डोकं चांगलं घट्ट बांधलेला घ, कार्डावर होता अगदी तसाच. ताईने मला शेवटची हाक मारली होती ती याच अक्षरात. लाल पेन्सिल माझ्या कानावर होती.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि त्याने लिहिलं होतं तसंच पाहून पाहून सही केली.